नंबर नाही, तरी वाचता येत नाही

एक वर्तमानपत्र घ्या. पानाच्या मधोमध, दोन ओळींच्या फटीत, तुरीच्या डाळीएवढं भोक पाडा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवून ते पान वाचायला सांगा आणि तुम्ही मागच्या बाजूने भोकाला डोळा लावा. वाचणाऱ्याला विचाराल तर तो सांगेल की माझी नजर ओळीवरून सरळ सरकतेय. तुम्हाला भलतंच दिसेल. डोळा सरकत नाही, उड्या मारतो. उडी, थांबा, उडी, थांबा, मध्येच एक उडी मागे, आणि ओळ संपली की डावीकडे एक लांब झेप. वॉल्टर माइल्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली ही भोकाची युक्ती छापून प्रसिद्ध केली. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे चष्म्याचे नंबर काढते. नजरेच्या उड्या मोजणारं महागडं यंत्र आमच्याकडे नाही, पण असा भोकाचा कागद खणात असतो. मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना त्यातून पाहायला लावण्यात मला जास्त रस असतो.

कारण आईवडील येतात तेच मुळी डोळ्यांवर संशय घेऊन. "मॅडम, ह्याच्या डोळ्यातच काहीतरी आहे. ओळ चुकतो, शब्द गाळतो, वाचताना डोळे नुसते इकडेतिकडे पळतात." आणि ते खोटं सांगत नसतात. डोळे पळत असतातच.

पण पळतात सगळ्यांचेच. इंग्रजी वाचणाऱ्या पट्टीच्या वाचकांवर ह्याचा भरपूर अभ्यास झालाय. त्यांचा डोळा एका जागी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो आणि मग सात ते नऊ अक्षरांची उडी घेतो. उडीला लागतात २० ते ४० मिलिसेकंद. शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे असतात, त्याही चांगल्या वाचकाच्या. हे असं का, तर डोळ्याच्या पडद्यावर स्वच्छ दिसण्याची जागा मधोमध अगदी चिमुकली असते. बाकी सगळं कमी-अधिक पुसट. म्हणून प्रत्येक शब्द, निदान प्रत्येक मोठा शब्द, त्या चिमुकल्या जागेवर आणून ठेवावा लागतो. उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळपास बंद ठेवतो, म्हणून आपल्याला धक्के जाणवत नाहीत. खरं वाटत नसेल तर आरशासमोर उभं राहून आधी स्वतःचा डावा डोळा पाहा, मग उजवा, परत डावा. आपले डोळे हलताना आपल्याला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतात.

हे कळायला बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नजरेच्या ह्या उड्या पहिल्यांदा नीट लक्षात आल्या. पुढे अमेरिकेत एडमंड ह्युई ह्या पठ्ठ्याने कमाल केली. डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची, मध्ये भोक असलेली वाटी बसवायची, वाटीला अॅल्युमिनियमचा हलका काटा जोडायचा आणि माणूस वाचू लागला की तो काटा काजळी धरलेल्या नळकांड्यावर रेघा ओढणार! वाचन समजून घ्यायला डोळ्यात प्लास्टर बसवून घेणारी माणसं होऊन गेली, हे आठवलं की क्लिनिकमध्ये ड्रॉप घालताना आरडाओरडा करणाऱ्या मुलांचा मला राग येत नाही.

आता मुलांकडे वळू. पहिलीतल्या मुलाचा डोळा एका जागी ३०० ते ३५० मिलिसेकंद थांबतो, उड्या आखूड असतात, आणि चारातली एखादी उडी मागे. इयत्ता वाढते तसे थांबे कमी होतात, उडी लांबते. जे मूल पाचवीत येऊनही अडखळत वाचतं, त्याचे डोळे पहिली-दुसरीतल्या मुलासारखे चालतात. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद आहे तो डोळे असे चालतात म्हणून वाचता येत नाही, की वाचता येत नाही म्हणून डोळे असे चालतात, ह्याचा.

अनोळखी पेठेत घर शोधणारा माणूस दर दाराशी थांबतो, पाटी वाचतो, दोन पावलं मागे येतो, पुन्हा पाटी बघतो. त्याच्या पायांना व्यायाम द्या, असं कुणी म्हणत नाही. मुलांच्या डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

शास्त्रज्ञही म्हणून बसले होते. १९८१ मध्ये जॉर्ज पाव्लिडिस ह्यांनी मांडलं की डिस्लेक्सिया, म्हणजे हुशारी असूनही वाचायला शिकणं फार जड जाण्याची अडचण, असलेल्या मुलांचे डोळे अक्षरं समोर नसतानाही चुकतात. नुसते ओळीने पेटणारे दिवे बघायला सांगितले तरी त्यांची नजर मागेपुढे भरकटते. असं असेल तर वाचायला शिकण्याच्या आधीच चार दिवे लावून निदान करता येईल! केवढी मोठी आशा. पण इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. दिव्यांमागे डिस्लेक्सियाची मुलं इतर मुलांसारखीच नजर फिरवत होती. उलट दुसरी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अशा मुलांना त्यांना झेपेल असा सोपा मजकूर दिला की त्यांची नजर बरीच ताळ्यावर येते. आणि चांगल्या वाचकाला अवघड मजकूर दिला की त्याचेही थांबे लांबतात, मागच्या उड्या वाढतात. एखादं खरेदीखत वाचायला घ्या आणि त्या भोकातून कुणाला तरी तुमचा डोळा बघू द्या.

ह्यातली गंमत अशी की वाचनाच्या ह्या अडचणीचं पहिलं ठळक वर्णन करणाऱ्यांनी डोळ्यावरचा संशय तेव्हाच काढून टाकला होता. नोव्हेंबर १८९६ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा हुशार, चटपटीत, खेळात कुणाच्या मागे नाही. वर्षानुवर्षं शिकवूनही अगदी छोटा, साधा शब्द वाचताना त्याची दमछाक. स्वतःचं नाव लिहितानाही त्यातली अक्षरं मागेपुढे करायचा आणि चूक दाखवली तरी चटकन कळायची नाही. पण ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि बिनचूक केला. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. मग डोळ्यांना दोष कसा द्यायचा? ह्या विषयाचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तो ग्लासगोच्या जेम्स हिन्शेलवूड ह्यांनी, आणि ते स्वतः डोळ्यांचे सर्जन होते. खुद्द डोळ्यांच्या डॉक्टरानेच डोळ्यांपलीकडे बघा म्हणून सांगितलं, त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली.

तरी लोक डोळ्यांकडेच येतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. डोळा दिसतो. त्याची हालचाल दिसते. मेंदूत आवाज आणि अक्षर ह्यांची गाठ पडत नाहीये, हे कुणाला दिसणार? शिवाय डोळ्यांच्या दवाखान्यातून काहीतरी हातात पडतं: चष्मा, ड्रॉप, निदान गाजर खाण्याचा सल्ला. "नंबर नाही" असं ऐकल्यावर हिरमुसलेले पालक मी फार पाहिलेत. त्यांच्या समाधानासाठी पाव नंबरचा चष्मा देणारेही आहेत. शून्य पॉइंट पंचवीस! त्याने ना अक्षर मोठं होतं ना जोडाक्षर सुटतं, पण एक वर्ष मात्र निघून जातं. चष्मा लागलाय, आता सुधारेल, म्हणून सगळे वाट बघत बसतात.

तिसरीतल्या एका मुलाचं सांगते. मराठी शाळा, बाईंची चिठ्ठी: 'डोळे तपासून घ्यावेत.' फळ्यावरचं सगळं दिसत होतं, जवळचंही स्वच्छ होतं, ड्रॉप घालूनही नंबर निघाला नाही, दोन्ही डोळे नाकापर्यंत नीट वळत होते. त्याला पुस्तकातला धडा वाचायला दिला तर शिवनेरीवरची पहिली दोन वाक्यं धाड धाड वाचली. आई खूश. मी त्यातलेच शब्द सुटे करून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि गाडी अडली. वाक्यं पाठ होती हो. मग 'सूर्य' लिहिलं. "सू... य... सूयर." एक डोळा झाकून वाचायला लावलं. "सूयर." दुसरा झाकला, तरी "सूयर". डोळे एकमेकांशी जुळवून घेत नसल्यामुळे अडचण असती तर एक डोळा झाकल्यावर निदान काहीतरी फरक पडायला हवा होता. हा काही निदानाचा नियम नव्हे, माझी आपली घरगुती पडताळणी.

मग त्याला डोळे मिटायला सांगितले. म्हटलं, "कमळ. ह्यातला म काढून टाकला तर काय उरेल?" त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "चिखल."

मी हसले, त्याची आई हसली, तोही हसला. पण त्या उत्तरात त्याची सगळी अडचण होती. शब्द ऐकला की त्याला कमळ दिसत होतं, तळं दिसत होतं, चिखलसुद्धा दिसत होता. क, म, ळ असे तीन तुकडे ऐकू येत नव्हते. आणि हे डोळे मिटलेले असताना. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची गाठ इथेच बसलेली असते: बोललेल्या शब्दाचे आवाज सुटे करणं, आणि ते आवाज अक्षरांना चिकटवणं.

आपल्या लिपीबद्दल एक समज आहे की देवनागरी बोलतो तशीच लिहिली जाते, त्यामुळे मराठीत ही भानगड नसते. बऱ्याच अंशी ती बोलल्यासारखी आहेच. पण 'कि'मधली वेलांटी आधी येते आणि उच्चार मागून. 'सूर्य'मधला र य-च्या डोक्यावर बसतो आणि बोलायचा मात्र य-च्या आधी. 'प्र'मधला र पायात, 'ट्र'मधला वेगळाच. उकार खाली, मात्रा वर. म्हणजे मुलाने डावीकडून उजवीकडे जायचंच, शिवाय प्रत्येक अक्षराभोवती वर-खाली बघून क्रम मनात फिरवून घ्यायचा. ध-घ, भ-म, थ-य ह्या जोड्या तर आहेतच, आणि 'ख'ला 'रव' वाचणारी मुलं प्रत्येक शाळेत भेटतात. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग ह्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरांचा सगळा पसारा पक्का व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. इंग्रजी वर्णमाला सव्वीस अक्षरांत आटोपते. आपल्याकडे बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर शेकड्यांवर जातं. तेव्हा दुसरीतल्या मुलाने 'सूयर' म्हटलं तर घाबरायचं कारण नाही. चौथीत म्हणाला तर मात्र बघायला हवं.

आणि हो, डिस्लेक्सियाची मुलं 'अक्षरं उलटी बघतात' हे आता सोडून द्यावं. इंग्रजीतले बी आणि डी सुरुवातीला सगळीच मुलं उलटेसुलटे करतात. मेंदूला वस्तू डावीकडून पाहिली काय, उजवीकडून पाहिली काय, ती तीच वाटते. अक्षरांच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. ज्यांना वाचायला उशीर होतो त्यांची ती उशिरा मोडते, इतकंच.

मग डोळे तपासायचेच नाहीत का? तपासायचे, आणि नीट तपासायचे. कारण शाळेतल्या तपासणीत सहसा सहा मीटरवरचा तक्ता वाचून घेतात आणि 'नॉर्मल' लिहून मोकळे होतात. पुस्तक सहा मीटरवर नसतं. प्लस नंबरचं मूल डोळ्यांवर ताण देऊन तो तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतं, आणि जवळचं वाचताना त्याच ताणाने थकतं. अमेरिकेत चार-पाच वर्षांच्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१६ साली, दिसलं की प्लस चार किंवा त्याहून जास्त नंबर असून चष्मा नसलेली मुलं अक्षरओळखीसारख्या वाचनपूर्व गोष्टींत मागे पडतात. अशा मुलाला चष्मा म्हणजे खरंच चष्मा, समाधानाचा नव्हे. हा नंबर ड्रॉप घालून डोळ्याचा हा ताण सैल केल्याशिवाय पुरता सापडत नाही, त्यामुळे "ड्रॉप नको, उद्या परीक्षा आहे" म्हणणाऱ्या पालकांना मी परीक्षा झाल्यावर यायला सांगते, पण यायला सांगतेच.

दुसरं, जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात, ते नीट वळत नाहीत अशी मुलं. अक्षरं दोन दोन दिसतात, तरंगतात, पाऊण पान झालं की कपाळ दुखतं, मूल नकळत एका डोळ्यावर हात ठेवतं. ह्या मुलांची खूण म्हणजे सुरुवात चांगली आणि शेवट वाईट. पहिला परिच्छेद नीट, तिसरा खराब. डिस्लेक्सियाचं मूल पहिल्या शब्दालाच अडतं. पेनचं टोक हळूहळू नाकाजवळ आणून पाहिलं की पुष्कळदा लक्षात येतं की एक डोळा मध्येच हार मानून बाहेर पळतो.

क्वचित, फार क्वचित, डोळ्याची उडीच मारता येत नाही अशी मुलं असतात. डेव्हिड कोगन ह्यांनी १९५२ मध्ये ह्याचं वर्णन केलं. बाजूला बघायचं तर डोळे हलत नाहीत, म्हणून मूल मानेला झटका देऊन डोकंच फिरवतं. अशा मुलीला ओळ वाचताना पाहणं अवघड जातं; प्रत्येक दोन शब्दांना मान हिसकावी लागते, आणि वर्गात तिची नक्कल होते ते वेगळंच. बुबुळं सतत हलणारी मुलंही असतात. ती मान वाकडी करून बघतात, कारण त्या कोनात त्यांची बुबुळं सर्वांत शांत असतात. "मान सरळ ठेव" म्हणून त्यांना ओरडू नये, मोठा छाप द्यावा. डोळ्यांच्या हालचालीचा दोष आणि वाचन ह्यांचं खरंखुरं नातं इथे आहे. पण ही मुलं मूठभर, आणि त्यांचा दोष बहुतेक वेळा शाळेच्या कितीतरी आधी दिसलेला असतो.

गल्लत होते ती व्यायामांच्या बाबतीत. डोळे नाकाकडे न वळणाऱ्या मुलांसाठी व्यायाम आहेत आणि ते उपयोगी पडतात. अमेरिकेत २०० हून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या बारा आठवड्यांच्या व्यायामाने डोकेदुखी, दुहेरी दिसणं ह्या तक्रारी कमी झाल्याचं दिसलं. मग साहजिकच प्रश्न आला की वाचनही सुधारतं का. त्यासाठी वेगळी चाचणी झाली, ३०० हून अधिक मुलं, १६ आठवडे. अर्ध्यांपेक्षा जास्त मुलांना खरे व्यायाम, बाकीच्यांना तसेच दिसणारे लुटुपुटीचे. २०१९ मध्ये निकाल लागला: वाचलेलं समजण्यात दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखीच. म्हणजे डोळे सुधारले म्हणून वाचन सुधारलं, असं दिसलं नाही. आणि ही तर डोळ्यांचा दोष असलेली मुलं. ज्यांचे डोळे धड आहेत त्यांना डिस्लेक्सियासाठी असे व्यायाम किंवा रंगीत काचा देण्याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय.

तरीही पॅकेजं विकली जातात. एका मोठ्या शहरातल्या केंद्रात वर्षभर मुलाला घेऊन जाणारे एक वडील मला भेटले होते. शिफ्ट बदलून घ्यायचे, दर शनिवारी एसटीने. मुलगा पडद्यावरचे ठिपके पकडण्यात तरबेज झाला. त्यांनी फाइल पुढे केली, त्यात सुरेख रंगीत आलेख होते. मला त्या पैशांपेक्षा त्या शनिवारांचं वाईट वाटलं. तेवढे शनिवार कुणी त्याच्यासोबत शब्द फोडत, जोडाक्षरं सुटी करत बसलं असतं तर?

आपल्याकडे आता मार्ग अगदीच नाहीत असं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी 'डाली' नावाची चाचणी तयार केली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. नुसत्या इंग्रजी चाचणीवर मराठी माध्यमाच्या मुलाला ठोकताळ्याने नापास करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे. बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, जादा वेळ मिळतो. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करतेय. अडचण आहे ती तालुक्याच्या गावांत. तिथे चष्म्याचं दुकान चौकाचौकात सापडतं, वाचनाची तपासणी करणारं माणूस शोधावं लागतं.

म्हणून मी चिठ्ठीवर नुसतं 'नंबर नाही' लिहीत नाही. लिहिते: 'दूरची व जवळची नजर व्यवस्थित. नंबर नाही. दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ ठीक. वाचन व लेखनाची तपासणी करून घ्यावी.' शेवटच्या ओळीखाली रेघ मारते. कधी शाळेतून फोन येतो. परवा एका बाईंनी विचारलं की बोट ठेवून वाचू द्यायचं का, वरचे लोक म्हणतात सवय लागते. म्हटलं, खुशाल ठेवू दे. बोट नको तर पट्टी ठेवू दे. ओळ सापडण्यात शक्ती जाणार नाही, तेवढीच जोडाक्षराला उरेल. वाचायला येऊ लागलं की बोट आपोआप सुटतं. त्यांनी मग विचारलं, "आणि पहिल्या बाकावर बसवू का त्याला?" नजर चांगली आहे त्याची, शेवटच्या बाकावरूनही दिसतं, पण तुमच्याजवळ असेल तर बसवा, असं मी सांगितलं.